कंपनीच्या निधीतून शाळेची इमारत: जागेच्या उताऱ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. आज त्याच जिल्ह्यात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतील कित्येक कारखान्यांना सामाजिक उत्तरदायित्वासाठी, म्हणजेच सीएसआरसाठी, दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढावी लागते, आणि ती एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या इमारतीसाठी द्यावी असे अनेक संचालकांना मनापासून वाटते. इच्छा चांगली आहे आणि गरजही खरी आहे. राधानगरी किंवा गगनबावडा तालुक्यातल्या एखाद्या जुन्या वर्गखोलीत जुलै महिन्यात गेले, तर सतरंजी भिंतीपासून हातभर अलीकडे ओढून अंथरलेली दिसते, कारण भिंत ओली असते आणि टेकून बसलेल्या मुलांचे गणवेश भिजतात. गळतीखाली ठेवलेल्या बादलीला वळसा घालून मुले फळ्यापर्यंत जातात.

मात्र इमारत देणे हे दप्तरे किंवा संगणक वाटण्याइतके सोपे काम नाही. इमारत पैसे देणाऱ्याच्या मालकीची राहत नाही. ती जिल्हा परिषदेची आणि गावाची होते, आणि निदान चाळीस वर्षे मुले तिच्या छताखाली बसणार असतात. म्हणून ‘ही इमारत पुढे कोण सांभाळणार’ हा प्रश्न शाळा निवडण्यापासून शेवटचे बिल देण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर विचारावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील क्रम त्याच प्रश्नाभोवती मांडला आहे.

आधी रकमेचा हिशेब

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. लगतच्या आधीच्या आर्थिक वर्षात कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एका जरी मर्यादेला पोहोचला असेल, तरी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करणे बंधनकारक आहे. समजा एखाद्या फौंड्रीचा तीन वर्षांचा नफा अनुक्रमे ५, ६ आणि ७ कोटी असेल, तर सरासरी ६ कोटी आणि सीएसआरची रक्कम १२ लाख होते. हा आकडा संचालकांनी आधी कागदावर मांडावा, कारण बारा लाखांत पूर्ण शाळा उभी राहत नाही, हे गावात शब्द देण्यापूर्वी कळलेले बरे.

त्यावर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करणे. सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षे असा प्रकल्प चालवता येतो. मात्र ३१ मार्चला शिल्लक राहिलेली रक्कम ३० दिवसांच्या आत ‘अखर्चित सीएसआर खाते’ या स्वतंत्र बँक खात्यात जमा करावी लागते आणि तीन आर्थिक वर्षांत खर्च करावी लागते. प्रकल्प तसा मंजूर केलेला नसेल, तर उरलेली रक्कम सहा महिन्यांच्या आत अनुसूची ७ मधील एखाद्या शासकीय निधीत भरावी लागते आणि शाळेच्या हातून जाते. बांधकाम एका आर्थिक वर्षात क्वचितच संपत असल्याने संचालक मंडळाच्या पहिल्याच ठरावात ‘चालू प्रकल्प’ हे शब्द, कालावधी आणि वर्षवार रक्कम लिहिलेली असावी. दुसरा मार्ग एकत्र येण्याचा. एकाच वसाहतीतील तीन-चार कंपन्यांना मिळून एक प्रकल्प हाती घेण्याची मुभा नियमांत आहे, फक्त प्रत्येकीला आपला खर्च वेगळा दाखवता आला पाहिजे. प्रत्येकीने वेगवेगळ्या गावांत एकेक अर्धवट खोली उभी करण्यापेक्षा चौघींनी मिळून एक शाळा पूर्ण करणे हे माझ्या मते केव्हाही चांगले.

सीएसआरची रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल, तर वेगळी सीएसआर समिती नेमण्याची सक्ती नाही. तिचे काम संचालक मंडळ करते. प्रशासकीय खर्च एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. ठेकेदाराच्या बिलावरील जीएसटी हिशेबात धरायला विसरू नये, कारण सीएसआरच्या कामासाठी घेतलेल्या वस्तू व सेवांवरील करपरतावा, म्हणजे इनपुट क्रेडिट, कंपनीला मिळत नाही. शिवाय हा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून प्राप्तिकरात वजा होत नाही. केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी बांधलेली शाळा सीएसआरमध्ये बसत नाही, हेही लक्षात असावे.

जिल्ह्यातील सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ सहकार कायद्याखाली नोंदलेले असल्यामुळे त्यांना कलम १३५ लागू होत नाही. भागीदारीतल्या छोट्या फौंड्र्यांनाही नाही. त्यांना शाळेला मदत करायची असेल तर ती स्वेच्छेची देणगी ठरते, परंतु पुढे सांगितलेला जागेचा, आराखड्याचा आणि देखरेखीचा क्रम त्यांनाही तितकाच उपयोगी आहे.

परदेशात निर्यात करणाऱ्या काही उद्योजकांना नेपाळमध्ये किंवा आफ्रिकेतल्या एखाद्या देशात शाळा बांधावी असे वाटते. युनेस्कोच्या २०२३ च्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २५ कोटी मुले शाळेबाहेर आहेत, त्यामुळे ही ओढ समजण्यासारखी आहे. मात्र भारताबाहेर केलेला असा खर्च कलम १३५ खाली सीएसआर म्हणून धरला जात नाही. तो कंपनीच्या स्वतंत्र देणगीतून करावा लागतो, ज्यासाठी कलम १८१ लागू होते. वर्षभरातल्या अशा देणग्यांची बेरीज मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांपुढे जाणार असेल, तर सर्वसाधारण सभेची पूर्वपरवानगी लागते, आणि परकीय चलनाचे नियम बँकेकडून तपासून घ्यावे लागतात. कंपनीचा कोणी अभियंता दर महिन्याला त्या जागेवर जाऊ शकणार नसेल, तर परदेशातली इमारत तिथल्या अनुभवी संस्थेवर सोपवावी आणि आपल्या हाताने करायचे काम जिल्ह्यातच करावे.

शाळा कोणती निवडायची

बहुतेक वेळा शाळा ओळखीतून निवडली जाते: संचालकांचे मूळ गाव, व्यवस्थापकाची सासुरवाडी, सरपंचांचा फोन. ओळखीत वावगे काही नाही, पण निर्णय कागद पाहून व्हावा. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो, आणि देखरेखीसाठीही ते सोयीचे पडते.

जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) कार्यालयाकडे आणि तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी पत्र देऊन निकडीच्या शाळांची यादी मागावी. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे देशभरातील शाळांच्या शासकीय नोंदीतला क्रमांक, असतो. त्यावर पटसंख्या, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या आणि स्वच्छतागृहांची नोंद सापडते. ही नोंद हातात घेऊन शाळेला भेट द्यावी आणि खोल्या स्वतः मोजाव्यात, कारण नोंदीतली ‘वापरात असलेली खोली’ प्रत्यक्षात पोषण आहाराच्या तांदळाचे कोठार निघू शकते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेसाठी काय असावे हे दिलेले आहे: प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुख्याध्यापकांसाठी कार्यालय-नि-भांडार खोली, अडथळाविरहित प्रवेश, मुलांसाठी आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, स्वयंपाकगृह, मैदान आणि संरक्षक भिंत किंवा कुंपण. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार असे प्रमाण आहे. म्हणजे ७० पटाच्या शाळेला तीन खोल्या आणि एक कार्यालय पुरते. तिथे दहा खोल्यांची दुमजली वास्तू बांधण्यात मुलांचे हित नाही. उलट रिकाम्या खोल्यांची झाडलोट आणि दुरुस्ती शाळेच्या गळ्यात पडते.

यापुढचा प्रश्न अवघड आहे, पण तो टाळू नये. दहा वर्षांनी या शाळेत मुले असतील का? गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात तीन ते सहा वयोगटातील मुले किती आहेत ते पाहावे, मागील पाच वर्षांचा पट पाहावा आणि गावातली किती मुले शहरातल्या शाळेच्या बसने जातात ते पालकांना विचारावे. पट उतरतो आहे म्हणून शाळा लगेच वगळू नये. चंदगड, आजरा, शाहूवाडी या भागांतील डोंगरवाड्यांवर दुसरी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर नसते, आणि तिथल्या दहा-पंधरा मुलांनाही कोरडी, सुरक्षित खोली मिळण्याचा तितकाच हक्क आहे. अशा ठिकाणी एक उत्तम खोली, व्हरांडा आणि पाण्यासह स्वच्छतागृह एवढेच बांधावे.

निवडीच्या वेळी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. मातांना बोलते करावे. पुरुष मंडळी बहुधा प्रवेशद्वाराची कमान आणि सभागृह मागतात. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आतून लागते का, पाणी कोठून आणावे लागते आणि पावसात मुले कोठे जेवतात हे मात्र आया सांगतात.

जागा: उतारा, पूररेषा आणि माती

कागदांची पूर्तता झाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. जमिनीचा सातबारा किंवा गावठाणातील मिळकत पत्रिका, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, मोजणीचा नकाशा आणि ग्रामसभेचा ठराव हे कागद लागतात. अनेक जुन्या शाळा कोणा दानशूर शेतकऱ्याने तोंडी दिलेल्या जागेवर उभ्या आहेत. देणारा गेला, नातवंडांची वाटणी झाली आणि सातबाऱ्यावर शाळेचे नाव कधी चढलेच नाही. अशा जागेवर नवी इमारत उभी करण्यापूर्वी नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्यावे. खासगी अनुदानित शाळेची इमारत संस्थेच्या मालकीची होते, हे तिथे निधी देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

जुनी खोली पाडायची असेल तर जिल्हा परिषदेकडून तिचे निर्लेखन, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीतून कमी करणे, मंजूर करून घ्यावे लागते. हा आदेश हाती येण्यापूर्वी जेसीबी लावू नये. त्याआधी एकदा संरचना अभियंत्याकडून जुन्या इमारतीची तपासणीही करून घ्यावी. जाड दगडी भिंतींच्या कित्येक जुन्या शाळांचे केवळ छप्पर बदलले आणि भिंती बांधून घेतल्या तरी त्या आणखी एक पिढी चालतात, आणि खर्चही बराच वाचतो.

पुराचा विचार या जिल्ह्यात सर्वांत आधी करायला हवा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजली जाते. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे, आणि २०१९ तसेच २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. पाटबंधारे विभागाच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत शाळा बांधू नये. दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात पर्यायच नसेल, तर जोते ज्ञात सर्वोच्च पाण्याच्या वर घ्यावे. त्यासाठी गावात फिरून २००५, २०१९ आणि २०२१ च्या खुणा पाहाव्यात. शिरोळ तालुक्यात आणि करवीरमधील चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत पाणी कोठवर आले होते हे लोक भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. पूरग्रस्तांची सोय बहुधा उंचावरच्या शाळांमध्येच होते, त्यामुळे अशा शाळेत जादा स्वच्छतागृहे आणि मोठी पाण्याची टाकी हा वायफळ खर्च नाही.

मातीचेही तसेच. पश्चिमेकडे जांभा आणि मुरूम लागतो, तर शिरोळ-हातकणंगलेकडील नदीकाठच्या काळ्या जमिनी पावसात फुगतात आणि उन्हाळ्यात भेगाळतात. काळ्या मातीत साधा उथळ पाया घातला, तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरक्या चिरा जातात. म्हणून माती परीक्षण करूनच पायाचा प्रकार ठरवावा. हा खर्च एकूण खर्चाच्या मानाने नगण्य असतो आणि तो वाचवण्याचा मोह कोणी करू नये.

काय बांधायचे

कोल्हापूर आजवरच्या भूकंप-क्षेत्र नकाशात तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात गणले गेले आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण या भागात अजून जिवंत आहे. ८ ऑक्टोबर २००५ रोजी काश्मीरमध्ये भूकंप झाला तेव्हा सकाळची शाळा भरलेली होती, आणि निकृष्ट बांधकामाच्या शाळा कोसळून हजारो मुले दगावली. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये हजारो वर्गखोल्या जमीनदोस्त झाल्या. तो शनिवार, तिथला सुट्टीचा दिवस होता, म्हणून मुले वाचली. भारतीय मानकांत शाळेच्या इमारतीसाठी साध्या घरापेक्षा दीडपट महत्त्व-गुणांक धरलेला आहे, म्हणजे तिची रचना दीडपट भूकंप-भारासाठी करावी लागते. त्यामुळे नकाशा वास्तुविशारदाने काढला तरी संरचनेची गणिते पात्र संरचना अभियंत्यानेच करावीत आणि त्यावर सही करावी, ही अट कोणत्याही परिस्थितीत सोडू नये.

आगीचाही विचार हवा. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुलांचा बळी गेला. स्वयंपाकाची आग गवताच्या छपराला लागली होती. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या इमारतींना अग्निसुरक्षेचे नियम बंधनकारक केले. पोषण आहाराचे स्वयंपाकगृह वर्गांपासून वेगळे ठेवावे, गॅसची टाकी बाहेर जाळीत असावी आणि वर्गाचा दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडावा.

खोलीचा आकार तीस-पस्तीस मुलांसाठी सुमारे ५०० चौरस फूट, म्हणजे २० फूट बाय २५ फूट, असा ठेवला तर मुलांना जमिनीवर गोल करून बसवता येते. समोरासमोर खिडक्या असाव्यात, आणि त्यांचा उंबरठा बसलेल्या मुलाला बाहेरचे झाड दिसेल इतका खाली असावा. फळ्यावर खिडकीचा उजेड चमकू नये म्हणून फळ्याच्या भिंतीला लागून खिडकी काढू नये. व्हरांडा निदान सात-आठ फूट रुंद हवा. पावसाळ्यात तिथेच चपला निघतात, छत्र्या वाळतात आणि जेवणाच्या पंगती बसतात. उताराचा मार्ग, म्हणजे रॅम्प, एकास बारा या प्रमाणात असावा: दीड फूट उंच जोत्यासाठी अठरा फूट लांब. यापेक्षा तीव्र रॅम्पवर चाकाची खुर्ची ढकलता येत नाही आणि तो फक्त कागदापुरता उरतो.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीचा पश्चिम भाग या अतिपावसाच्या पट्ट्यात सपाट स्लॅबवर विसंबू नये. स्लॅबवर उतरते छप्पर घ्यावे किंवा थेट उतरत्या छताचाच आराखडा करावा, पावसाच्या झडीच्या दिशेला छताची पागोळी लांब ठेवावी आणि त्या बाजूच्या भिंतीला बाहेरून जलरोधक गिलावा द्यावा. वळवाच्या विजा लक्षात घेऊन तडितरक्षक, योग्य अर्थिंग आणि विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणारे उपकरण बसवावे.

स्वच्छतागृहाबाबत थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण निधी सर्वाधिक वाया जातो तो इथेच. चाळीस मुलांमागे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या असे प्रमाण शासनाच्या स्वच्छ विद्यालय मोहिमेत सुचवलेले आहे. पण प्रमाण पाळूनही स्वच्छतागृह कुलूपबंद राहते, कारण नळाला पाणी नसते. टाकी छतावर असते, ती भरणारा पंप बंद पडलेला असतो आणि वीजबिल थकलेले असते. म्हणून पाण्याचा स्रोत, पंप, टाकी आणि नळ हे सारे चालू करून दाखवल्याशिवाय स्वच्छतागृहाचे काम पूर्ण झाले असे मानू नये. छतावरचे पावसाचे पाणी टाकीत घेतले आणि सौर पॅनेलवर पंप चालवला, तर विजेचा प्रश्न बराच सुटतो. कडी सहा वर्षांच्या मुलीच्या हाताला येईल अशा उंचीवर हवी, आत कोनाडा आणि खुंटी हवी, वापरलेल्या पॅडसाठी झाकणाचा डबा हवा आणि दरवाजा मैदानाकडे उघडणारा नसावा.

करार आणि पैशांचे हप्ते

सीएसआरमधून तयार झालेली भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती सार्वजनिक प्राधिकरणाच्या, नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या किंवा लाभार्थी समूहाच्या ताब्यात असावी लागते. जिल्हा परिषद हे सार्वजनिक प्राधिकरणच आहे. कंपनीने स्वतः ठेकेदार नेमून इमारत बांधावी आणि जिल्हा परिषदेला सुपूर्द करावी, किंवा सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरची कामे घेणाऱ्या संस्थांनी केंद्र सरकारकडे करायची नोंदणी) असलेल्या संस्थेमार्फत काम करावे, हे दोन्ही मार्ग खुले आहेत. कंपनीकडे स्थापत्य अभियंता असेल तर पहिला मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण जबाबदारी एका हाती राहते.

सामंजस्य करारावर कंपनी, जिल्हा परिषद आणि मधली संस्था असल्यास ती, अशा सर्वांच्या सह्या असाव्यात आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव त्याला जोडावा. अंदाजपत्रकाला जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची तांत्रिक मान्यता घ्यावी. बांधकाम चालू असताना मुले कोठे बसतील, वीजजोडणी कोण घेईल, दर वाढल्यास फरक कोण सोसेल आणि नावाचा फलक केवढा असेल हे मुद्दे करारातच लिहावेत. राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना आणली, तीत शाळेच्या नावाला देणगीदाराचे नाव ठरावीक काळासाठी जोडण्याची तरतूद आहे. त्या वाटेने जायचे असल्यास सध्याच्या अटी जिल्हा परिषदेकडून लेखी घ्याव्यात. माझी विनंती एवढीच की शाळेचे जुने नाव तसेच राहू द्यावे आणि व्हरांड्यात एक छोटी शिळा बसवावी.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत: पाया आणि जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांवरची तुळई), स्लॅब, गिलावा व फरशी, आणि शेवटी वीज-पाण्यासह पूर्णत्व. प्रत्येक हप्त्याआधी अभियंत्याचे मोजमाप आणि छायाचित्रे घ्यावीत. १० टक्के रक्कम राखून ठेवावी आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, दोन पावसाळ्यांचा ठेवावा. ठेकेदार एका पावसाळ्यावर अडून बसतात, पण स्लॅबची बारीक गळती पहिल्या वर्षी नुसत्या ओलीसारखी दिसते आणि खरी दुसऱ्या वर्षी उघडी पडते. रक्कम ठरल्या कामासाठीच वापरली गेली, असे प्रमाणपत्र कंपनीच्या वित्त प्रमुखांना द्यावे लागते, म्हणून हे सारे कागद त्यांच्या हाती वेळच्या वेळी पोहोचावेत.

बांधकामाचे महिने

दिवाळीनंतर पाया खोदून मे अखेरीस ताबा द्यायचा, हे वेळापत्रक इथल्या हवामानाला मानवते, कारण शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. मात्र त्याच महिन्यांत उसाचा गळीत हंगाम असतो आणि ट्रॅक्टर, मजूर दोन्ही मिळणे कठीण जाते. ठेकेदाराशी हे आधीच बोलून खडी, सिमेंट आणि सळई यांची व्यवस्था दसऱ्यापूर्वी करावी. मान्यतेचे कागद त्याआधीच्या पावसाळ्यात पूर्ण झाले, तरच हे जमते.

जागेवर जाणाऱ्याने पुढील गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. कॉलमच्या सळईला किमान ४० मिलिमीटर आणि पायाच्या सळईला ५० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे, आणि त्यासाठी सळईखाली सिमेंटचे ठोकळे लावलेले दिसले पाहिजेत. विटेचा तुकडा चालत नाही. उभ्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगांची टोके ९० ऐवजी १३५ अंशांत आत वळवलेली हवीत, कारण भूकंपात ९० अंशांची रिंग उघडते. काँक्रीट किमान एम-२० आणि शक्यतो एम-२५ प्रतीचे असावे. मिक्सरमध्ये काँक्रीट पातळ करण्यासाठी कोणी वरून पाणी ओतू लागला, तर काम तिथेच थांबवावे. प्रत्येक स्लॅबच्या वेळी १५ सेंटीमीटरचे ठोकळे भरून ठेवावेत आणि २८ दिवसांनी स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्यांची ताकद तपासावी. हे ठोकळे कंपनीच्या माणसासमोर भरले जावेत आणि त्यांवर तारीख कोरलेली असावी.

पाणी मारणे हा साधा वाटणारा, पण सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा लागतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात स्लॅबवर वाफे करून पाणी साठवावे. सेंट्रिंग काढण्याची घाईही अशीच घातक असते: सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू १४ दिवस आणि त्याहून लांब बीमखालचे २१ दिवस ठेवावे लागतात. वीस फुटांच्या खोलीचा बीम सहा मीटरच्या किंचित वर जातो, तेव्हा तिथे २१ दिवसच धरावेत. मिश्र सिमेंट असल्यास त्याहून जास्त. प्लेट दुसऱ्या कामावर न्यायच्या म्हणून ठेकेदार बाराव्या दिवशीच माणसे पाठवतो, म्हणून टेकू कोणत्या तारखेला काढायचे ते लेखी कळवावे.

शाळा चालू असलेल्या आवारात बांधकाम होत असेल, तर पत्र्याचे पक्के कुंपण, मुलांसाठी वेगळी वाट आणि पाण्याच्या हौदावर झाकण ही व्यवस्था पहिल्या दिवशी व्हावी.

ताबा दिल्यावर

इमारत सुपूर्द करताना जिल्हा परिषदेची मालमत्ता नोंदवहीत नोंद झाल्याचा कागद घ्यावा आणि यू-डायसमध्ये नव्या खोल्यांची नोंद करायला मुख्याध्यापकांना सांगावे. मुख्याध्यापकांकडे एक फाइल द्यावी: नकाशे, पाण्याच्या व विजेच्या वाहिन्यांचे आरेखन, रंगाचा क्रमांक, पंपाचे हमीपत्र आणि गवंडी, नळकारागीर व वीजतंत्री यांचे संपर्क. मुख्याध्यापक बदलून जातात, पण फाइल शाळेत राहते आणि नव्या माणसाला कोणती वाहिनी कोठून गेली आहे हे शोधत बसावे लागत नाही.

देखभालीची रक्कम मूळ अंदाजपत्रकातच धरावी, ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे. त्यासाठी एक वर्गखोली कमी बांधावी लागली तरी चालेल. पहिली तीन वर्षे ही रक्कम चालू प्रकल्पाचाच भाग म्हणून देता येते. पुढे कंपनीने दरवर्षीच्या सीएसआरमधून लहानसा वाटा ठेवावा. यातून स्वच्छतागृहाची रोजची सफाई, टाकी धुणे, पंपाची दुरुस्ती आणि छताची पावसाळापूर्व साफसफाई होते. सफाईसाठी गावातलीच एखादी भगिनी मानधनावर नेमली आणि तिचे मानधन दरमहा वेळेवर दिले, तर स्वच्छतागृहाला कुलूप लागत नाही.

कंपनीच्या अभियंत्याने वर्षातून दोनदा फेरी मारावी: मे महिन्यात पागोळ्या, पन्हळी आणि स्लॅबचे उतार पाहण्यासाठी, आणि ऐन ऑगस्टमध्ये, पाऊस कोसळत असताना, भिंतींवर हात फिरवून ओल शोधण्यासाठी. दुसऱ्या पावसाळ्याच्या ऑगस्ट फेरीत छत, भिंती, रॅम्प, नळ आणि कड्या यांची तपासणी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या एका माता-सदस्यासह करावी, सापडलेले दोष ठेकेदाराकडून दुरुस्त करून घ्यावेत, आणि त्या दोघांच्या सह्या झाल्यावरच राखून ठेवलेली १० टक्के रक्कम सोडावी.